खेळाच्या तासाचा ताळेबंद

चौथीचा वर्ग खेळाचा तास संपवून परत येत असेल, तेव्हा दारात उभं राहून मुलांचे शर्ट पाहावेत. सात-आठ जण घामानं निथळत असतात, तोंडं लालबुंद, एकमेकांना ढकलत पाण्याच्या टाकीकडे धावत असतात. बाकीच्यांच्या शर्टाची घडीही मोडलेली नसते. वेळापत्रकात पस्तीस मिनिटं सगळ्यांच्या नावावर पडली, मैदान एकच, सरही तेच. मग घाम थोड्यांनाच का आला?

कोरड्या शर्टाची मुलं आळशी होती, असं आपण पटकन म्हणतो. पण त्यांच्यावर तासभर नुसती नजर ठेवली, तर वेगळंच दिसतं. एक रांगेत उभा होता. दुसरी पहिल्याच मिनिटाला बाद होऊन कडेला बसली. तिसऱ्याकडे चेंडू आलाच नाही. खेळायची संधीच त्यांच्या वाट्याला आली नव्हती, आणि त्याची नोंद शाळेच्या कोणत्याच वहीत होत नाही.

चषक काय सांगतात, काय सांगत नाहीत

शाळेत खेळ चांगला चालतो का, असं विचारलं की मुख्याध्यापक कपाटाकडे बोट दाखवतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत हिवाळ्यात केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात. त्याआधी महिनाभर खो-खोचा आणि कबड्डीचा संघ उन्हात घाम गाळतो. तो गाळावाच, त्या मुलांना त्याचा फायदा होतो. मात्र त्याच महिन्यात उरलेली शाळा काय करत असते? बहुधा टाळ्या वाजवत असते, किंवा वर्गात बसून पाढे म्हणत असते.

पंगत कशी झाली हे पहिल्या चार पानांवरच्या जिलेबीवरून ठरवायचं नसतं; वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोहोचला का, हे पाहायचं असतं. शारीरिक शिक्षणाचं मूल्यमापन करताना आपण नेमकं पहिली चार पानं पाहतो.

ती चार पानं कोणाची, हेही योगायोगानंच ठरतं. एकाच इयत्तेतल्या थोरल्या आणि धाकट्या मुलात जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं. सातव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. उंची, ताकद, तोल, सगळ्यांत तो फरक दिसतो. थोरलं मूल संघात निवडलं जातं, त्याला सराव मिळतो, सरावानं ते आणखी सरस होतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं जातं. कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची त्यांत स्पष्ट गर्दी दिसली. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून सुरू होत होती, एवढंच त्याचं कारण. आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो, त्यातला काही भाग जन्मदाखल्यावरच्या तारखेचा असतो.

मग मुलांची तंदुरुस्ती मोजली तर? 'खेलो इंडिया'च्या शालेय चाचण्यांत तेच केलं जातं. पाच ते आठ वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन, एका पायावरचा तोल, दोन चकत्यांना आळीपाळीनं हात लावण्याचा वेग. त्याहून मोठ्या मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं-चालणं, बसून पुढे वाकणं वगैरे. एखाद्या मुलाची प्रकृती कळायला हे उपयोगी आहे. पण ६०० मीटर लवकर धावणारी मुलगी शाळेमुळे धावते, की रोज दोन किलोमीटर चालत शाळेत येते म्हणून, हे चाचणी सांगत नाही. मोजमाप मुलाचं झालं, तासाचं झालंच नाही. शाळा बदलू शकते तो तास. म्हणून आधी मोजायचा तो तास.

पस्तीस मिनिटं जातात कुठं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी. 'मध्यम' ओळखायची सोपी खूण अशी: त्या वेळी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. त्यापुढे 'जोमदार', तिथं दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं. शाळेचा तास हे साठही पुरे करू शकत नाही, ते त्याचं कामही नाही. तासातला निम्मा वेळ तरी मुलं हलती असावीत, हे उद्दिष्ट अमेरिकेनं १९९० साली आपल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात लिहून ठेवलं. पस्तीस मिनिटांच्या तासात निम्मा म्हणजे साडेसतरा मिनिटं. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं.

आता हिशेब करू. वर्गातून मैदानावर जाणं, रांगा, हजेरी, सावधान-विश्राम, शिट्टी, सूचना, पुन्हा सूचना, कारण मागच्या रांगेला ऐकू आलेलं नसतं. शेवटी पाणी पिऊन वर्गात परत. यात पंधरा मिनिटं गेली असं धरू. उरली वीस.

या वीस मिनिटांत चाळीस मुलं, दोन चेंडू, दोन रांगा. प्रत्येक रांगेत वीस जण. एकानं चेंडू फेकायचा, आणायचा, पुढच्याला द्यायचा. यात दहा सेकंद. म्हणजे एका मुलाची पाळी दर दोनशे सेकंदांनी येते. वीस मिनिटं म्हणजे बाराशे सेकंद. पाळ्या सहा. प्रत्येक मूल एकूण साठ सेकंद खेळलं आणि एकोणीस मिनिटं रांगेत उभं राहिलं. आता रांगा दोनऐवजी आठ करा, प्रत्येकीत पाच मुलं. पाळी दर पन्नास सेकंदांनी येते, पाळ्या चोवीस होतात, खेळ चार मिनिटांचा होतो. सर तेच, मैदान तेच, वेळ तेवढाच. फक्त आणखी सहा चेंडू लागले, आणि ते चिंध्यांचे असले तरी चालतात. मी तर म्हणेन, पहिली-दुसरीला चिंध्यांचाच चेंडू द्यावा. तो लागत नाही, फार दूर घरंगळत नाही आणि झेलताना मूल डोळे मिटत नाही.

दुसरी गळती आपल्या लाडक्या खेळांत आहे. खो-खोच्या पूर्ण डावात एका संघाचे नऊ खेळाडू, त्यातला एक पाठलाग करतो, आठ पाटीवर बसतात. समोरच्या नऊपैकी एका वेळी तिघंच मैदानात उतरतात, सहा बाहेर थांबतात. म्हणजे कोणत्याही क्षणी अठरांपैकी चौघं धावतात. स्पर्धेसाठी हे नियम उत्तम आहेत. त्यातला थरारच त्या बसण्या-उठण्यात आहे. पण तिसरीच्या तासाला तोच आराखडा जसाच्या तसा उचलला, तर चाळीसपैकी फार थोडी मुलं दमतात. क्रिकेटचं तर विचारू नका. एक फलंदाज, एक गोलंदाज, आणि सीमारेषेजवळ गवत उपटत उभा असलेला बाकीचा वर्ग.

तिसरी गळती सगळ्यांत अन्यायाची. डॉजबॉल, संगीत खुर्ची, साधी शिवाशिवी. ज्या खेळात बाद झालेला बाहेर बसतो, त्यात आधी बाहेर कोण जातं? जो हळू धावतो, ज्याचा तोल कच्चा आहे, जिला चेंडूची भीती वाटते. सरावाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच सराव सर्वांत कमी. हे वर्षभर चाललं की दोघांतली दरी वाढते आणि आपण म्हणतो, "त्याला खेळात गतीच नाही."

आपल्याकडच्या गल्लीनं यावर उपाय कधीच शोधून ठेवलाय. विषामृतात 'विष' मिळालेला जागीच थिजतो, पण दुसऱ्यानं येऊन 'अमृत' दिलं की पुन्हा धावू लागतो. कायमचा बाद कोणी होत नाही. साखळीत पकडला गेलेला साखळीलाच जोडला जातो आणि आणखी धावतो. शिवाशिवीत एकाऐवजी चौघांवर राज्य द्या, मैदानभर पळापळ सुरू होते. लेझीम तर मुळातच सगळ्यांची. हलगी वाजू लागली की पन्नास मुलं एकाच वेळी वाकतात, उठतात, पावलं टाकतात. तिच्यात रांग असते, पण ती थांबायची नसते. पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस बाहेर काढून लेझीम पुन्हा कुलपात ठेवणाऱ्या शाळांनी याचा विचार करावा.

कागद, पेन्सिल आणि सेकंदकाटा

तास मोजायला यंत्र लागत नाही. १९९१ साली सॅन दिएगोतल्या थॉम मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. तिचा गाभा इतका साधा आहे की कोणताही शिक्षक किंवा पालक दोन तासांत ती शिकू शकतो. दहा सेकंद एकाच मुलाकडे पाहायचं, पुढच्या दहा सेकंदांत एक आकडा लिहायचा. मूल आडवं असेल तर १, बसलेलं असेल तर २, उभं असेल तर ३, चालत असेल तर ४, त्याहून जास्त दमत असेल तर ५. असं बारा वेळा, म्हणजे चार मिनिटं. मग दुसरं मूल. चार मुलं झाली की पुन्हा पहिल्यापासून.

> चौकट : एका तासाची पाहणी
>
> हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून दोन मुली आणि दोन मुलगे निवडा. संघातली मुलं मुद्दाम घेऊ नका, मुद्दाम वगळूही नका.
>
> चार मुलांच्या दोन फेऱ्यांना ३२ मिनिटं लागतात आणि ९६ नोंदी मिळतात.
>
> त्यांतल्या ४ आणि ५ या नोंदी मोजा. समजा त्या ३० निघाल्या, तर तासाचा साधारण ३१ टक्के भाग, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं हालचाल झाली.
>
> मुलींची आणि मुलग्यांची बेरीज वेगळी ठेवा.
>
> शक्य असेल तेव्हा दोघांनी एकाच मुलाकडे पाहून स्वतंत्र नोंदी कराव्यात. त्या बऱ्याच वेगळ्या आल्या, तर आधी आपसांत बोलून 'चालणं' कशाला म्हणायचं ते पक्कं करा.

निवडलेल्या मुलांना त्यांची निवड झाल्याचं सांगू नये, हे ओघानं आलंच. शिक्षकांना मात्र जरूर सांगावं. पाहणी करणारा माणूस दिसला की पहिल्या दिवशी तास जरा जास्तच छान होतो. म्हणून एका पाहणीवर निष्कर्ष काढू नये, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावं.

मुलींची बेरीज वेगळी का, तर मुलगे आणि मुली यांच्या हालचालीतला फरक पुढे वाढत जातो. ११ ते १७ वयाच्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातल्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल अपुरी निघाली; मुलग्यांत ७८ टक्के, मुलींत ८५. ही मोठ्या वयाची आकडेवारी आहे. पण चेंडू कोणाच्या पायात राहतो आणि कोण कडेला गप्पा मारत उभं राहतं, याची सवय प्राथमिक शाळेतच लागते. व्हीलचेअरवरचं किंवा कमी दिसणारं मूल वर्गात असेल, तर त्याच्या नावाची चिठ्ठी न टाकता त्याला पाहणीत धरावंच. 'तू बस, स्कोअर लिही' हे वाक्य त्याच्या वाट्याला किती वेळा येतं, तेही कळेल.

हालचाल झाली, पण शिकणं झालं का?

मिनिटांवर सगळं सोडलं तर एक पळवाट उरते. मुलांना वीस मिनिटं मैदानाभोवती पळवा, आकडा झकास येईल. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेनं २०१२ पासून मुलांना रोज पंधरा मिनिटं बाहेर चालायला-पळायला नेलं. गणवेश बदलायचा नाही, शर्यत नाही, साहित्य नाही. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली आणि तिचा साधेपणा मला फार आवडतो. पण नुसत्या पळण्यानं चेंडू फेकता येत नाही. फेकणं, झेलणं, लाथाडणं, एका पायावर उडी मारणं ही कौशल्यं वय वाढलं की आपोआप येतात, असा आपला समज आहे. तो खरा नाही. ती अक्षरांसारखी गिरवावी लागतात.

मग तपासायची कशी? इथं आपण नेहमी 'किती' विचारतो. चेंडू किती लांब गेला? अंगानं मोठं मूल चुकीच्या पद्धतीनंही लांब फेकतं. डेल अल्रिक या अमेरिकी अभ्यासकानं १९८५ मध्ये तयार केलेल्या चाचणीत 'कसं' याला गुण आहेत. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत तेरा कौशल्यं आहेत आणि प्रत्येकाच्या तीन ते पाच खुणा. हात वर घेऊन चेंडू फेकायच्या खुणा पाहा. फेकण्याआधी हात खाली-मागे जातो का? कंबर आणि खांदा वळून शरीराची दुसरी बाजू निशाण्याकडे येते का? उजव्या हातानं फेकताना डावा पाय पुढे पडतो का? चेंडू सुटल्यावर हात तिरका, शरीरापलीकडे जातो का?

चार प्रश्न, चार हो किंवा नाही. यातला तिसरा अनेक मुलांना अडवतो: उजवा हात आणि उजवाच पाय एकदम पुढे. तसं केलं की कंबर वळूच शकत नाही, सगळा जोर एकट्या दंडावर येतो आणि चेंडू चार हातांवर पडतो. उपाय फक्कीनं जमिनीवर पावलाची खूण काढण्याइतका सोपा आहे. 'जोरात फेक' असं शंभरदा ओरडून जे होत नाही, ते 'हा पाय त्या खुणेवर' एवढ्यानं होतं. लंगडीतही तसंच. वर उचललेला पाय नुसता लोंबतो, की पुढे-मागे झुलून उडीला जोर देतो? हात पुढे येतात का? दोन्ही पायांवर जमतं, की एकाच?

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात शारीरिक शिक्षणाची लेखी परीक्षा नाही. वर्षभर पाहून आकारिक मूल्यमापन करायचं आणि वर्णनात्मक नोंद लिहायची. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि प्रगतिपुस्तकात 'खेळात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य पाच वर्षं मुलाबरोबर वरच्या वर्गात चढत राहतं. त्याऐवजी 'जूनमध्ये डाव्या पायावर दोन उड्या, नोव्हेंबरमध्ये आठ. चेंडू फेकताना पाय अजून चुकतो' अशी नोंद असेल, तर पालकालाही दारात उभं राहून मुलाला मदत करता येते. शिक्षकांचं लिखाणही वाढत नाही, कारण दर आठवड्याला एका रांगेतली मुलं आणि एकच कौशल्य पाहिलं तरी सहामाहीत वर्ग पुरा होतो.

इंग्लंडनं पैसा ओतला, तेव्हा

लंडन ऑलिंपिकनंतर, २०१३ पासून, इंग्लंडच्या सरकारनं प्राथमिक शाळांना खास खेळासाठी वर्षाला सुमारे १५ कोटी पौंड द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये ही रक्कम दुपटीनं वाढून ३२ कोटी झाली. साखरयुक्त शीतपेयांवरच्या कराचा आधार तिला होता. शाळेनं पैसे कशावर खर्च केले आणि त्यानं काय फरक पडला, हे संकेतस्थळावर जाहीर करायचं, अशी अट घातली.

अडचण लवकरच दिसली. बाहेरचा प्रशिक्षक बोलवायचा, तो तास घेणार, वर्गशिक्षक तेवढ्यात वह्या तपासणार. शाळेसाठी हा सोपा मार्ग होता. पण प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर कौशल्यही गेलं. म्हणूनच शिक्षकांचा मोकळा वेळ भरून काढायला प्रशिक्षक नेमण्यावर हा पैसा खर्च करू नये, असं सरकारला मार्गदर्शनात स्पष्ट लिहावं लागलं. आपल्याकडे निधी मिळाला की ज्यांना आधी प्रशिक्षक आणि ट्रॅकसूट सुचतात, त्यांनी हे वाचावं.

त्या योजनेतली एक मोजणी मात्र मला अनुकरणीय वाटते. प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता यावं, ही तिथल्या अभ्यासक्रमाची अट आहे, आणि सहावीतल्या किती टक्के मुलांना ते येतं, हे शाळेला जाहीर करावं लागतं. किती पदकं, हा प्रश्नच नाही. टक्केवारी काढायची म्हटलं की बुडणारं मूलही मोजावं लागतं. आपल्याकडे तलाव नाहीत. पण 'चौथी संपेपर्यंत प्रत्येक मूल दोन्ही पायांवर दहा उड्या लंगडी घालेल आणि दहा पावलांवरून आलेला चेंडू झेलेल' अशी अट गावातली शाळाही स्वतःला घालू शकते.

पी. टी.चे सर नसतील तर?

बहुतेक प्राथमिक शाळांत ते नसतातच. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचं साहित्य आहे, पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक फक्त सहावी ते आठवीसाठी, तोही शंभरांहून जास्त पट असेल तर. पहिली ते पाचवीचा खेळ वर्गशिक्षकांच्याच गळ्यात.

यानं निराश व्हायला नको, असं दक्षिण कॅलिफोर्नियातला एक प्रयोग सांगतो. सात प्राथमिक शाळांत तीन प्रकार दोन वर्षं चालवले गेले: काहींत क्रीडातज्ज्ञ तास घेत, काहींत प्रशिक्षण दिलेले वर्गशिक्षक, आणि काहींत नेहमीसारखंच. १९९७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तासांत मुलं आठवड्याला १८ मिनिटं हलती होती, तज्ज्ञांकडे ४०, आणि प्रशिक्षित वर्गशिक्षकांकडे ३३. तज्ज्ञ सरस ठरले, पण वर्गशिक्षकांनीही थोड्या शिक्षणानं वेळ जवळजवळ दुप्पट केला. या मुलांच्या अभ्यासावर वाईट परिणाम झाला का, हेही नंतर तपासलं. तो झाला नव्हता. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

तेव्हा शिक्षकांच्या केंद्रस्तरीय बैठकीत अर्धा दिवस मैदानावर घालवला, आठ रांगा कशा करायच्या, विषामृत कसं बसवायचं, पाहणीचा तक्ता कसा भरायचा हे हातानं करून पाहिलं, तर एखाद्या नव्या परिपत्रकापेक्षा जास्त साधेल.

आणि पालकांसाठी: सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा करायचं काम याच समितीचं आहे. त्या आराखड्यात दोन गोष्टी लिहायला लावा. दर पाच मुलांमागे एक चेंडू, आणि वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीत, खेळाच्या तासाची पाहणी. पहिल्या पाहणीला स्वतः जा. सोबत घड्याळ, कागद आणि पेन्सिल घ्या.